डिस्कस माशाचे संगोपन : पाणी आणि आहार यांचा एकत्र हिशेब

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही काचेच्या टाक्या विकणारी दुकाने दिसतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० पासून परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश झाल्याने या छंदाकडे पूरक व्यवसाय म्हणूनही पाहिले जाऊ लागले. या माशांमध्ये डिस्कस हा अत्यंत देखणा, परंतु तितकाच नाजूक मासा होय. तो महाग असतो आणि पाळणाऱ्याच्या हातून पहिल्या काही आठवड्यांतच दगावण्याचे प्रसंग वारंवार घडतात. त्याचा दोष बहुधा रोगाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा मूळ कारण टाकीत पडणारे जादा खाद्य आणि त्यामुळे बिघडणारे पाणी हे असते. म्हणून पाणी व आहार या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा न करता एकत्र करणे अगत्याचे आहे.

मूळ अधिवास

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा आहे. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. शरीर चकतीसारखे गोल व चपटे असल्याने त्याला हे नाव मिळाले. रिओ नेग्रोसारख्या नद्यांचे पाणी पालापाचोळ्याच्या अर्काने चहासारखे तांबूस, उबदार, अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असते. त्यात क्षारांचे प्रमाण नगण्य असते. संथ पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांच्या आसऱ्याने हे मासे राहतात. शेवाळ, कुजलेले वनस्पतिजन्य पदार्थ आणि लहान जलकीटक हे त्यांचे नैसर्गिक अन्न होय.

टाकीत पैदास झालेले डिस्कस मूळ माशांपेक्षा सोशिक असतात. त्यांना २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६ ते ७ च्या दरम्यानचा सामू, म्हणजेच पीएच, मानवतो. सामू किंचित अधिक असला तरी ते तग धरतात. मात्र त्यात एकाएकी होणारा बदल त्यांना सोसत नाही. हा कळपाने राहणारा मासा असल्याने पाच-सहा मासे एकत्र ठेवावेत आणि प्रत्येक प्रौढ माशामागे सुमारे ४० लिटर पाणी धरावे.

खाद्याचे पुढे काय होते?

पाच प्रौढ मासे असलेली २०० लिटरची टाकी उदाहरणादाखल घेऊ. तीत दररोज ५ ग्रॅम कोरडे खाद्य पडते आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे मानू. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. म्हणजे रोज ३२० मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत जातो. त्यातील निम्मा माशांच्या अंगी लागला असे धरले, तरी उरलेला १६० मिलिग्रॅम मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. हे प्रमाण दर लिटरला ०.८ मिलिग्रॅम एवढे होते. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजले, तर त्यातील जवळजवळ सर्वच नायट्रोजन पाण्यात उतरतो.

या अमोनियाचा एक भाग मुक्त स्वरूपात असतो आणि तोच विषारी होय. २८ अंश तापमानास सामू ७ असता मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या पाऊण टक्क्याहून कमी असतो. सामू ८ होताच तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. मुक्त अमोनियाची सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा दर लिटरला ०.०२ मिलिग्रॅम मानली जाते. वरील उदाहरणात सामू ७ असेल, तर एका दिवसाची उत्सर्जिते या मर्यादेच्या आत राहतात. सामू ८ असेल, तर त्याच एका दिवसात मर्यादा अडीच पटीने ओलांडली जाते. एकाच मापाचे खाद्य एका गावी निर्धोक आणि दुसऱ्या गावी घातक का ठरते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जीवाणूंचे साहाय्य

गाळणीच्या स्पंजावर वाढणारे उपयुक्त जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते. नव्या टाकीत हे जीवाणू स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत डिस्कस आणू नयेत. रिकाम्या टाकीत दररोज चिमूटभर खाद्य टाकून, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री चाचणी संचाने करून घ्यावी. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनमुळे जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

नायट्रेट मात्र साठतच जाते. वरील टाकीत आठवड्याला त्याची लिटरमागे सुमारे २५ मिलिग्रॅम भर पडते. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलल्यास ते हळूहळू १०० मिलिग्रॅमपर्यंत चढून तेथे स्थिरावते. निम्मे पाणी बदलल्यास ५० वर, आणि निम्मे पाणी आठवड्यातून दोनदा बदलल्यास २५ वर थांबते. नियमित पाणीबदलास पर्याय नाही, तो यामुळेच.

महाराष्ट्रातील पाणी

राज्याचा बराच मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. तेथील विहिरी व विंधन विहिरी यांचे पाणी बहुधा दुष्फेन आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात आम्ल टाकून सामू उतरविण्याचा खटाटोप करू नये. पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामू पुन्हा वर चढतो आणि हा चढउतारच माशाला बाधतो. त्याऐवजी आरओ यंत्राचे अथवा पहिल्या सरी सोडून स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी मिसळावे. निम्मे-निम्मे मिश्रण केल्यास कठीणपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. केवळ आरओचे पाणी वापरल्यास सामू स्थिर राहत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यानंतरच्या पाण्यालाही हेच लागू पडते. असे पाणी हवेच्या पंपासह २४ तास साठवून, तापमान जुळवून मगच टाकीत घालावे. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ज्या विहिरीचे पाणी याच्या जवळपास असेल, तेथे पाणी बदलूनही टाकीतील नायट्रेट त्याखाली येणार नाही. म्हणून स्रोताची तपासणी आधी करावी. ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच असल्यास सामू, कठीणपणा व नायट्रेट यांची माहिती गावातच मिळू शकते.

आहाराची पद्धत

परदेशात गुरांच्या हृदयाच्या मांसाचे खाद्य रूढ आहे. आपल्याकडे सोललेली कोळंबी, पांढऱ्या मांसाची मासळी व वाफवलेला पालक एकत्र वाटून, जिलेटिनने बांधून, पातळ वड्यांच्या रूपाने बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतो. त्यास चांगल्या तयार दाण्यांची जोड द्यावी. गटारातून गोळा केलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे रोगजंतू सोबत आणतात, ते टाळावेत. प्रौढ माशांना दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. पिलांना अधिक वेळा, पण थोडे थोडे द्यावे. उरलेले खाद्य नळीने लगेच ओढून काढावे.

नवजात पिलांचा आहार हे या माशाचे वैशिष्ट्य होय. पोहू लागलेली पिले आईबापांच्या अंगावरील श्लेष्मल स्राव टिपून खातात. या काळात त्या स्रावात प्रथिने व प्रतिद्रव्ये वाढत असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणून पिलांना आईबापांपासून घाईने अलग करू नये.

काही दक्षता

तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू वीस अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे १७ टक्के कमी विरघळतो. वीज खंडित होताच गाळणी व पंप दोन्ही थांबतात. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे आणि बॅटरीवरील पंप हाताशी असावा. नको झालेले मासे नदी-तलावात कदापि सोडू नयेत. टाकीसाठी आणलेला सकर मासा अशाच निष्काळजीपणामुळे देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे.

शाळेत टाकी असल्यास विद्यार्थ्यांकडून आठवड्याची नोंदवही ठेवून घेता येईल. घातलेले खाद्य, बदललेले पाणी, सामू, अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट असे रकाने त्यात असावेत. शेतातील जादा खत व गोठ्यातील मलमूत्र यांतील नायट्रोजन ज्या मार्गाने नायट्रेट होऊन गावच्या विहिरीत उतरतो, तोच मार्ग या टाकीत डोळ्यांसमोर उलगडतो. ही नोंदवही भरणारा विद्यार्थी गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल समजून वाचू शकेल.