मधुमेहाची गोळी आणि पायाच्या मुंग्या

मधुमेहाला कोणी साखरेचा आजार म्हणतात, कोणी नुसते 'शुगर' म्हणतात. या आजारावर पुष्कळांना मेटफॉर्मिन नावाची गोळी चालू असते. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा घरातले गोळीचे पाकीट घ्या आणि त्यावरचे नाव वाचून पाहा.

ही गोळी चांगली आहे. १९५७ साली फ्रान्समधील झाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावर तिचा उपयोग प्रसिद्ध केला. तेव्हापासून तिने असंख्य लोकांची साखर आवरली आहे. पण तिची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ वर्षे ही गोळी घेतली, तर काही जणांच्या अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडू लागते.

बी-१२ कशाला लागते? रक्त तयार व्हायला लागते. मज्जातंतू चांगले राहायलाही लागते. मज्जातंतू म्हणजे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या तारा. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मटण यांतून मिळते. धान्य, डाळी व भाजीपाला यांत ते नसते. आतड्यातून ते रक्तात जाते. मेटफॉर्मिनमुळे आतडे ते कमी शोषून घेते.

मग त्रास लगेच का होत नाही? घरातली कणगी आठवा. नवे धान्य कमी आले, तरी भरलेली कणगी पुष्कळ दिवस पुरते. तळ दिसला म्हणजे मग कळते. आपल्या यकृतात बी-१२ चा असाच साठा असतो. तो काही वर्षे पुरतो. जो मुळातच दूध-अंडी खात नाही, त्याची कणगी आधीच अर्धी असते. त्याने जास्त जपावे.

साठा संपत आला की थकवा येतो. चालताना धाप लागते. जीभ लाल होते. हातापायांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, तोल जातो. मग माणूस म्हणतो, "आता वय झालं, चालायचंच!" दुसरा म्हणतो, "शुगर म्हटली की मुंग्या यायच्याच." मधुमेहानेही मुंग्या येतात, हे खरे. पण मुंग्या कशाच्या, हे नुसते बघून कळत नाही. रक्त तपासावे लागते. वेळेवर कळले, तर बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन देऊन कमतरता भरून काढता येते. फार उशीर झाला, तर बिघडलेल्या तारा पुरत्या सुधारत नाहीत.

म्हणून गोळी बंद करायची का? मुळीच नाही! गोळी सोडली तर साखर वाढेल आणि डोळे, मूत्रपिंडे धोक्यात येतील. दुकानातून आपल्या मनाने ताकदीची औषधेही आणू नयेत. बी-१२ कमी असताना नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेतली, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते; पण तारांची हानी आतल्या आत चालूच राहते.

क्षयरोगाच्या औषधांतही असेच आहे. त्यांतले आयसोनियाझिड हे औषध बी-६ जीवनसत्त्व कमी करते. त्यानेही हातापायांना मुंग्या येतात. म्हणून डॉक्टर सोबत बी-६ ची लहानशी गोळी देतात. ती बिनकामाची समजून टाकू नका, बरं का!

एवढे करा

एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा :
१. गोळीचे नाव.
२. ती किती वर्षे चालू आहे.
३. अंगाला कोणता त्रास होतो.

तो कागद दवाखान्यात दाखवा आणि विचारा, "डॉक्टर, माझे बी-१२ तपासायला हवे का?"

प्रश्न

१. बी-१२ कोणत्या पदार्थांतून मिळते?
२. बी-१२ कमी झाल्याचे उशिरा का कळते?
३. मुंग्या आल्या म्हणून मधुमेहाची गोळी सोडावी का? का सोडू नये?