कोळंबीचा धंदा करायचाय? आधी सांगा, कोणती कोळंबी?

व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो: "सर, सुक्या कोळंबीचं पॅकिंग करून विकलं तर चालेल का?" चालेल की. पण 'कोळंबी' हा एक माल नाहीये. त्या एका शब्दात निदान चार वेगवेगळे धंदे आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब निराळा. तो न करता ५०,००० रुपये गुंतवले तर पैसे कुठे गेले हेही कळत नाही.

सगळ्यात लहान जवळा. दोन-तीन सेंटिमीटरचा, पारदर्शक, सोलायचा प्रश्नच नाही. तसाच वाळवला की आपली सुकट. त्याहून मोठी करंदी, तीही ताजी आणि सुकी दोन्ही खपते. त्यापुढची मध्यम कोळंबी सोलून वाळवली की सोडे. मोठी टायगर आणि व्हेनामी ही मुख्यतः ताजी किंवा गोठवलेली विकली जाते.

व्हेनामी मूळची आपल्याकडची नाही, ती अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. नव्वदच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने टायगरच्या शेतीला मोठा दणका बसला. पुढे २००९ मध्ये सरकारने व्हेनामीला परवानगी दिली आणि आज आंध्रातल्या तळ्यांमध्ये मुख्यतः तीच दिसते. २०२३-२४ मध्ये देशाची सागरी निर्यात सुमारे ६०,५०० कोटींची होती, त्यातले ४०,००० कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे! आकडा ऐकून डोळे चमकतात, पण तो खेळ शीतगृह आणि मोठ्या भांडवलाचा आहे. आपण सुरुवात तिथून करायची नाही.

ताजा माल घेताना 'काउंट' विचारा. ३० काउंट म्हणजे किलोत ३० नग. आकडा जितका कमी तितकी कोळंबी मोठी आणि भाव जास्त. अमेरिकेच्या बाजारात मात्र काउंट पौंडावर मोजतात, म्हणून इंटरनेटवरचे भाव बघून गोंधळू नका.

आता मुख्य मुद्दा, उतारा. वही घ्या. खालचे भाव फक्त शिकण्यासाठी धरलेत, तुमच्या बंदरावरचे तुम्ही घाला.

अख्खी मध्यम कोळंबी १० किलो, २५० रुपयांनी: २,५०० रुपये. डोकं, साल, धागा काढला की हातात साधारण ५ किलो. कोळंबीच्या मांसात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे वाळल्यावर उरतात जेमतेम सव्वा किलो सोडे. म्हणजे एका किलोला नुसत्या कच्च्या मालाचेच २,००० रुपये. सोलायची मजुरी, बर्फ, गाडीभाडं, पाकीट मिळून ४०० धरा. १०० ग्रॅमचं पाकीट तुम्हाला २४० ला पडलं. बाजारात कोणी २०० ला विकत असेल तर त्याच्याशी भावात भांडू नका. आधी त्याचा माल बघा. नीट वाळलाय का? रंग फारच भडक केशरी आहे का?

जवळ्याचं गणित बघा. १० किलो ताजा, ६० रुपयांनी: ६०० रुपये. वाळून २ किलो, सफाईत २०० ग्रॅम गेला, उरला १.८ किलो. किलोला ३३३ रुपये. सोलायची मजुरी शून्य. ५०,००० रुपयांत सोडे २० किलोच्या आसपास येतात, जवळा दीडशे किलो. सोड्यात पैसा अडकून राहतो, जवळा भरभर फिरतो. माझं मत विचाराल तर नवख्याने जवळ्यापासून सुरुवात करावी.

फक्त जवळ्याचा एक शत्रू आहे, रेती. उघड्या वाळूवर वाळवलेला जवळा दाताखाली कचकचला की गिऱ्हाईक परत येत नाही. जाळीवर किंवा मांडवावर वाळवलेला घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी. वाळवणाऱ्या कोळीण मावशींशी घासाघीस करून स्वस्त मिळवण्यापेक्षा "मला बिनरेतीचा द्या, रोख देते" असं म्हणा. रेतीवाला माल कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याकडे जाऊ दे, त्याचाही बाजार आहे.

गिऱ्हाईक कोण, तेही ठरवा. सोडे घेणारा माणूस सोड्याची खिचडी, वांगं-सोडे डोक्यात ठेवून येतो आणि भावापेक्षा वास बघतो. जवळावाल्याला भाकरीबरोबर कांदा-जवळा हवा असतो. गोव्यात सुक्या जवळ्याला गालमो म्हणतात, तो बालशांवात जातो. मालवण-गोव्याच्या गिऱ्हाइकाला 'सुंगटं' हा शब्द लगेच कळतो, मग लेबलवर तोही छापा.

वेळ सांभाळा. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून साधारण दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे आगोटीची खरेदी मे महिन्यात होते. तुमचा माल एप्रिलअखेर पाकिटात हवा. पावसाळ्यात हवा दमट, अर्धवट वाळलेल्या सोड्याला बुरशी येणारच. मोडून बघा. कडक तुटला पाहिजे, वाकला तर परत उन्हात.

एफएसएसएआय नोंदणीशिवाय एकही पाकीट विकू नका. लेबलवर ॲलर्जीची सूचना ठळक हवी. कवचधारी जलचरांची ॲलर्जी काहींना जिवावर बेतते, ही नुसती औपचारिकता नाही.

सालींपासून कायटोसान बनतं, जखमेच्या पट्टीपासून पाणी शुद्ध करण्यापर्यंत वापरतात, हे खरं. पण त्याला आम्ल, अल्कली, सांडपाण्याची सोय लागते. 'घरबसल्या सालींतून लाखो' वाले व्हिडिओ सोडून द्या.

या आठवड्यात एवढंच करा: अख्खी कोळंबी २ किलो आणि ताजा जवळा २ किलो आणा. आणल्यावर, सोलल्यावर, वाळल्यावर काट्यावर ठेवा आणि प्रत्येक वजन वहीत लिहा. तुमच्या बंदराचा उतारा किती आला ते कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात त्याच आकड्यांवर पाकिटाची किंमत काढू.