चट्टा आणि जंतूची जनुके

अंगावर फिकट चट्टा दिसला, की बाई आधी तो पदराखाली लपवते. नर्स म्हणून मी हे वर्षानुवर्षे पाहिले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा आपला पट्टा कुष्ठरोगाचा. तरी अजून कुणी 'मागच्या जन्माचे पाप' म्हणतो, कुणी 'त्यांच्या घराण्यातच आहे' म्हणतो.

जंतूची जनुके काय सांगतात ते बघा. जनुक म्हणजे जंतूच्या कामाचा एकेक हुकूम. 1998 मध्ये शास्त्रज्ञांनी क्षयाच्या जंतूची सगळी जनुके वाचली, 2001 मध्ये कुष्ठाच्या जंतूची. हा जंतू तामिळनाडूतला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. हे एकाच कुळातले. पण क्षयाच्या जंतूत सुमारे 4000 जनुके, कुष्ठाच्या जंतूत कामाची जेमतेम 1600, आणि हजारावर मोडून पडलेली. एवढे गमावलेला जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. म्हणूनच लागण आणि चट्टा यांत कित्येक वर्षे जातात, आणि लोक कारण भलतीकडे शोधतात.

पुढे भारत, थायलंड, ब्राझील, अमेरिका इथले जंतू ताडून पाहिले. जवळजवळ सारखेच निघाले! मग आपल्याच घराण्याचे पाप कुठून आले? घरात दोघांना झाला, तर तो वारसा नव्हे, बिनाउपचाराच्या रुग्णाचा दीर्घ सहवास.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, 6 किंवा 12 महिने. मधेच सोडू नका. जनुकात बदल झालेले, औषधाला न जुमानणारे जंतू उरतात.

आज घरी डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस फिरवा. स्पर्श कळला नाही, तर आशाताईला दाखवा.