समुपदेशनाची मराठी : ‘करत नाही’ आणि ‘करवत नाही’

घटक ४

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण प्रशासनाची, न्यायव्यवहाराची आणि प्रसारमाध्यमांची मराठी अभ्यासली. या तिन्ही व्यवहारांत भाषा बहुधा एकाकडून अनेकांकडे जाते. प्रस्तुत घटकातील व्यवहार मात्र बंद दाराआड, दोनच माणसांत घडतो आणि त्यात भाषेखेरीज दुसरे साधन जवळजवळ नसते. म्हणून समुपदेशन हा मानसशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

त्यातही आपण एक मर्यादित क्षेत्र निवडले आहे. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही नावे मराठी वाचकाने ऐकली ती प्रायः मुलांच्या संदर्भात. २००७ साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचवला, पण त्याचाही नायक शाळकरी मुलगा होता. ही मुले मोठी होतात, नोकरीला लागतात, संसार करतात. आणि मेंदूची ही घडण वयाबरोबर पुसली जात नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीच्या शाळेत ही नावे बहुतेक शिक्षकांच्याही कानांवर आलेली नव्हती. त्यामुळे त्या मुलांना ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘विक्षिप्त’, ‘माणूसघाणा’ ही नावे मिळाली आणि ती त्यांनी खरी मानली. तुमच्यापैकी काहींनी शिक्षण मध्येच सोडून आता पुन्हा हाती घेतले असेल. हा घटक वाचताना स्वतःची एखादी जुनी आठवण जागी झाली, तर त्यात नवल नाही. मात्र हा घटक निदानाचे साधन नव्हे. निदान मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

४.२ नावांचा प्रश्न

‘समुपदेशन’ हा शब्दच प्रथम फोडून पाहा. सम् + उपदेशन. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकापासून आग्रहाने मांडले ते याच्या नेमके उलट होते : समोरच्याला मार्ग दाखवायचा नाही, त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घ्यायचे. उपदेश न करण्याच्या पद्धतीला आपण उपदेशाचे नाव दिले, ही आपल्या परिभाषेची एक गंमत आहे. शब्द रूढ झाल्यामुळे तो बदलण्याचे कारण नाही. पण समुपदेशकाकडे जाणारा मराठी माणूस ‘आता ते चार गोष्टी सांगतील’ अशा अपेक्षेने का जातो, याचे एक उत्तर त्यात आहे.

‘स्वमग्नता’ हा शब्द अधिक विचार करायला लावणारा आहे. ग्रीक भाषेतील ‘स्व’वाचक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ ही संज्ञा वापरली, ती स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून. बाह्य जगापासून तुटून आपल्याच आंतरिक जगात राहणे, या अर्थाने. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी तीच संज्ञा मुलांमधील एका वेगळ्या अवस्थेसाठी घेतली. मराठीने अर्थाचे भाषांतर केले ते मूळ व्युत्पत्तीला धरून. परिणाम असा, की ज्याला ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या टेबलावरील चमच्याचा आवाज आणि शर्टाच्या कॉलरची शिवण हे सारे एकाच वेळी जाणवते, त्याला आपण ‘स्वतःतच मग्न’ म्हणतो. या व्यक्तींची तक्रार पुष्कळदा अशी असते, की बाहेरचे जग फार आत येते.

प्रत्ययांकडेही लक्ष द्या. ‘ऑटिझमग्रस्त’ या समासातील ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. सूर्य ग्रहणात ग्रस्त होतो तसा. ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ म्हटले की अवस्था वेगळी आणि माणूस वेगळा होतो. ‘मी ऑटिस्टिक आहे’ म्हटले की ती ओळख होते, जशी ‘मी डावखुरा आहे’ ही ओळख आहे. इंग्रजीत या दोन रचनांवर मोठा वाद झाला आणि स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अनेकांनी तिसऱ्या रचनेचा पुरस्कार केला. कोणती रचना वापरायची हे ज्याचे त्याला विचारावे, इतके साधे उत्तर पुरेसे आहे.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा ऑस्ट्रेलियातील ज्यूडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात मांडली. ती कल्पना त्याआधीपासून ऑटिस्टिक व्यक्तींच्या आपसांतील चर्चांत आकार घेत होती. तिचा आशय असा : जैववैविध्यात जसे अनेक जीवप्रकार असतात, तशी मानवी मेंदूची घडणही अनेक परींची असते आणि बहुसंख्याकांहून वेगळी घडण म्हणजे बिघाडच असे नाही. मराठीत ‘चेतासंस्था’, ‘चेतापेशी’ हे शब्द शालेय पुस्तकांतून रुळलेले असल्याने ‘चेतावैविध्य’ म्हणता येईल. या घटकात मी तोच शब्द वापरतो. तथापि सल्ला घेणारी व्यक्ती ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणत असेल, तर तिच्यापुढे शुद्ध मराठीचा आग्रह धरणे हा मला भाषाप्रेमाचा चुकीच्या ठिकाणी केलेला वापर वाटतो.

कायद्याची भाषाही या काळात बदलली. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लूनसी’ म्हणजे वेडावरून होते. त्याची जागा १९८७ च्या आणि नंतर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घेतली. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या; एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणजे एका शब्दाला कागदपत्र मिळते, दुसऱ्याला मिळत नाही.

लोकभाषेचा न्याय निराळाच असतो. कोल्हापुरात ‘खुळ्यागत करू नको’ ही निर्भर्त्सना आहे आणि ‘नाद खुळा’ ही वाहवा आहे. एकच शब्द माणसाला हिणवतो आणि एखाद्या गोष्टीपायी झपाटून जाण्याला दादही देतो. महानुभाव वाङ्मयात म्हाइंभटाच्या श्रीगोविंदप्रभूचरित्रात लोकांना वेडसर वाटणाऱ्या वर्तनाचे किती आपुलकीने वर्णन आले आहे, ते तुम्ही प्राचीन मराठीच्या अभ्यासपत्रिकेत वाचले असेल. त्यावरून शेकडो वर्षांपूर्वीच्या व्यक्तीचे निदान करू नये. पण वेगळ्या वर्तनाला गावात जागा देणारी भाषा मराठीत होती, एवढे त्यातून दिसते.

४.३ क्रियापदाचे काम

आता घटकाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पुढील दोन संवाद अभ्यासासाठी रचलेले आहेत. उद्यमनगरात स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवणारा, अडतीस वर्षांचा कारागीर समुपदेशकाकडे आला आहे. हाताचे काम उत्तम. बिले मात्र महिनोन्‌महिने पाठवली जात नाहीत आणि त्यावरून घरात रोज वाद होतो.

पहिला संवाद :
— बिलं वेळेवर का देत नाही तुम्ही?
— द्यायची असतात ओ. बसतो, कागद काढतो, आणि मग होतच नाही.
— म्हणजे टाळता.
— हां. टाळतो म्हणा.

दुसरा संवाद :
— कागद काढून बसता, तिथवर होतं. त्यापुढं काय होतं?
— त्यापुढं करवत नाही. कुठनं सुरू करायचं सुधरत नाही. शेजारी ग्राइंडर चालू असला की डोकंच बंद.
— ग्राइंडर बंद असतो तेव्हा?
— तेव्हा जमतं की. पहाटे जमतं.

पहिल्या संवादातील ‘म्हणा’ हे आज्ञार्थी रूप पाहा. ती कबुली नव्हे, शरणागती आहे. कारागिराने स्वतःचे ‘होतच नाही’ हे क्रियापद सोडून समुपदेशकाचे ‘टाळणे’ पत्करले. ‘होणे’ या क्रियापदात कर्त्याची इच्छा गृहीत नसते. ‘टाळणे’मध्ये ती असतेच. चार ओळींत त्याच्या अनुभवाचे रूपांतर त्याच्या दोषात झाले.

‘करवत नाही’ हे रूप तुम्ही व्याकरणात शक्य क्रियापद म्हणून शिकला आहात : ‘मला आता चालवते’, ‘आजोबांना जिना चढवत नाही’. यात कर्ता चतुर्थीत जातो आणि क्रिया करण्याचे सामर्थ्य असणे वा नसणे सांगितले जाते. (प्रयोजक क्रियापदाचा ‘व’ याच्यासारखाच दिसत असल्याने परीक्षेत गोंधळ होतो. ‘आई बाळाला चालवते’ येथे चालवणारी आई आहे. ‘बाळाला आता चालवते’ येथे चालणारे बाळ आहे.) इच्छा आहे, समज आहे, तरी क्रिया घडून येत नाही, ही अवस्था सांगण्यासाठी इंग्रजीला मोठे वाक्य लागते. मराठीकडे त्यासाठी एक प्रत्यय आहे. एडीएचडी असलेल्या प्रौढ व्यक्ती कामाला सुरुवात करण्यातील ज्या अडथळ्याचे वर्णन करतात, त्याला ‘करवत नाही’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण वापराच्या संकेतात आहे. हे रूप आपण म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला मोकळेपणाने देतो. धडधाकट दिसणाऱ्या माणसाने ‘मला फोन करवत नाही’ म्हटले की ऐकणारा ते मनातल्या मनात ‘फोन करत नाही’ असे दुरुस्त करून घेतो. व्याकरण परवानगी देते, समाज देत नाही. चेतावैविध्याचा आदर करणारे समुपदेशन म्हणजे भाषिक दृष्ट्या पाहिले तर ही परवानगी देणे होय.

दुसऱ्या संवादातील ‘सुधरत नाही’ही टिपून ठेवा. प्रमाण मराठीत ‘सुधरणे’ म्हणजे सुधारणा होणे. पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीत ‘काय करावं सुधरत नाही’ म्हणजे काही उमगत नाही, मार्ग दिसत नाही. बाहेरून आलेल्या समुपदेशकाने नोंदवहीत ‘सुधारणा नसल्याचे रुग्ण सांगतो’ असे लिहिले, तर तो दोष कोणाचा? तसेच या भागातील पुष्कळ स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी करतो’ असे म्हणतात. ती बोलीतील नित्याची रूपे आहेत. त्यांतून काही गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही आणि ती दुरुस्त करण्याचेही नाही.

४.४ ‘च’ आणि त्याची मर्यादा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जाते. माणूस परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीच्या हट्टी मागण्यांनी अधिक दुःखी होतो, हे तिचे सूत्र. ही हट्टी मागणी मराठीत ‘च’ या एका अव्ययातून प्रकट होते : ‘मला हे जमलंच पाहिजे’, ‘लोकांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे’. ‘च’ काढून तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिले तरी त्याचा ताण उतरतो. मराठी समुपदेशनाला मिळालेले हे सुंदर भाषिक हत्यार आहे.

पण ‘मला हा आवाज सहनच होत नाही’ या वाक्यातील ‘च’ त्या जातीचा नाही. तो मागणी करत नाही, तीव्रता सांगतो. त्यावर ‘सहन होत नाही असं काही नसतं, आपण तसं मानतो’ हे उत्तर पद्धतीच्या पुस्तकाला धरून असले, तरी ज्याच्या कानांची घडणच वेगळी आहे त्याच्यावर ते अन्याय करते. तेथे विचार बदलण्याआधी पंखा बंद करावा, दिवा मंद करावा, बसण्याची जागा बदलावी. उलटपक्षी, ‘आवाज सहन होत नाही, म्हणून मी कोणाच्याच उपयोगाचा नाही’ या वाक्याचा उत्तरार्ध मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. एकाच वाक्यात स्वीकारण्याचा भाग कोणता आणि प्रश्न विचारण्याचा कोणता, हे ओळखणे म्हणजे व्यक्तीनुरूप समुपदेशन. व्यक्तीचा आदर म्हणजे तिच्या प्रत्येक विधानाला मान डोलावणे, असा अर्थ काही ठिकाणी काढला जातो. तो मला मान्य नाही.

४.५ संवादाचे संकेत

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये मांडलेली संभाषणाची तत्त्वे तुम्हाला ठाऊक आहेत. आपण जे म्हणतो त्याहून अधिक सुचवतो आणि ऐकणारा ते ओळखतो. ‘बघू की’ म्हणजे नकार, ‘या की एकदा घरी’ म्हणजे निरोप. शब्दशः ऐकणारा ऑटिस्टिक माणूस खरोखरच घरी जातो आणि मग ‘त्याला कळत नाही’ असे ठरते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये या निष्कर्षाला हरकत घेतली. त्यांच्या मते न समजणे दुहेरी आहे : त्याला आपले कळत नाही, तसे आपल्यालाही त्याचे कळत नाही. दोन बोलींचे भाषक भेटले तर आपण एकाला सदोष म्हणत नाही.

मराठी समुपदेशकाने ‘आपण’ या सर्वनामाविषयी विशेष जपावे. ‘आपण थोडं चालायला जाऊ या का?’ या वाक्यात दोघे आहेत. ‘आपण काल आला नाहीत’ यात समोरचा आहे. ‘आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात’ यात बोलणारा एकटा आहे. ‘आपण रोज डायरी लिहू या’ असे म्हणून डायरी एकट्यानेच लिहायची असेल, तर ‘तुम्ही लिहा’ म्हणणे अधिक प्रामाणिक. भेटीची वेळ, तिचा अवधी, काय विचारले जाईल, हे आधी कागदावर द्यावे. नजरेला नजर देण्याची अट नसावी. बोलण्याऐवजी लिहून उत्तर देण्याची मुभा असावी. एखाद्याला हे सारे जाचकही वाटेल आणि त्याला मोकळ्या, भरकटणाऱ्या गप्पाच हव्या असतील. म्हणून पहिल्या भेटीत विचारून घ्यावे.

स्वाध्याय

१. ‘त्याला एका जागी बसवत नाही’ आणि ‘तो एका जागी बसत नाही’ या वाक्यांतील कर्त्याची विभक्ती व क्रियापदाचा प्रकार सांगा. शाळेच्या प्रगतिपुस्तकात यांपैकी कोणते वाक्य आढळते आणि दुसरे लिहिले गेल्यास काय फरक पडेल, ते दहा ओळींत मांडा.

२. ‘अपंगमती’ हा समास कोल्हापुरातील एका संस्थेच्या नावात आहे. ‘मतिमंद’ या समासाशी त्याची अर्थदृष्ट्या तुलना करा.

३. तुमच्या बोलीत ‘सुधरत नाही’प्रमाणे मनाची अवस्था सांगणारे पाच शब्दप्रयोग घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा. प्रमाण मराठीत त्यांचा कोणता गैरसमज होऊ शकतो, ते प्रत्येकापुढे लिहा.