जर एकच, त्याचे तर सगळे

पोरांनो, रणगाड्याला पंख लावायचे असोत की मोटारीला जहाजाचं धुराडं, दोन न जुळणाऱ्या मॉडेल-किटांतून तिसरंच यंत्र घडवायची हौस लागली की हात शिवशिवायला लागतात. लगेच कटर निघतो आणि पहिल्याच संध्याकाळी दोन्ही किटं वाया जातात. तसं होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो. त्यांतली मुख्य एकच: एका मॉडेलात ‘जर’ एकच असावा, पण त्यातून निघणारे ‘तर’ एकूण एक पाळावेत.

आधी ‘जर’ कागदावर लिहा. एका वाक्यात मावला पाहिजे. मावत नसेल तर कल्पना अजून कच्ची आहे. कल्पना सुचत नसेल तर खऱ्या यंत्रांकडे बघा, खऱ्या जगात ह्याहून अचाट जुळण्या झाल्या आहेत. 1941 साली चीनमध्ये जपानी बॉम्बहल्ल्यात एका डीसी-3 विमानाचा पंख गेला. बदली पंख मिळेना. मग हाँगकाँगहून त्याच्या थोरल्या भावाचा, म्हणजे डीसी-2चा पंख दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून आणला. तो सुमारे 5 फूट आखूड होता, तरी बसवला आणि विमान उडवून परत नेलं. त्याचं नाव पडलं डीसी-अडीच. जर्मनांच्या युंकर्स 287च्या पहिल्या नमुन्याला धड हाइंकेल 177चं होतं आणि पुढची चाकं पडलेल्या अमेरिकन लिबरेटर बॉम्बरची. आपल्या छंदात वेडेपणा आहे असं कुणी म्हणालं तर ही दोन उदाहरणं पुढे करा.

मग ‘तर’ मोजा. 1942 साली रशियात ओलेग अंतोनोवनं टी-60 ह्या हलक्या रणगाड्याला लाकडाचे आणि कापडाचे पंख लावून ग्लायडर केलं. ओढायला चार इंजिनांचं टीबी-3 बॉम्बर होतं. वजन कमी करायला रणगाड्यातला दारूगोळा काढला, दिवे काढले, इंधनही नावापुरतं ठेवलं. तरीही ओढताना बॉम्बरची इंजिनं तापली आणि ग्लायडर मध्येच सोडून द्यावं लागलं. पुढे तो प्रयोग बंद पडला. ह्यातून मॉडेलवाल्यानं घ्यायचं ते हे: जड वस्तू उडवायची तर पंख तेवढे मोठे हवेत, शेपूट लांब हवी, अंगावरचं ओझं उतरलेलं दिसायला हवं. रणगाड्याला चार बोटांचे पंख चिकटवले की बघणारा हसतो आणि पुढे जातो. त्या वजनाला शोभतील असे पंख दिले की तो थांबतो.

आपल्याकडचा ‘जर’ हवा असेल तर मारुत घ्या. कुर्ट टँक ह्यांच्या आराखड्यावर बंगळूरला घडलेलं एचएफ-24 मारुत जून 1961 मध्ये पहिल्यांदा उडालं. देखणं विमान, पण त्याच्या तोलामोलाचं इंजिन त्याला कधीच मिळालं नाही, ऑर्फियस 703च्या जोडीवर भागवावं लागलं. तसं इंजिन मिळालं असतं तर? मग नुसतं शेपटाकडचं नळकांडं बदलून चालणार नाही. इंजिन मोठं म्हणजे हवा जास्त, म्हणून बाजूची हवेची तोंडं रुंद. इंधन जास्त, म्हणून पंखाखाली टाक्या. वजन जास्त, म्हणून चाकं जाड. एका ‘जर’ला हे तीन ‘तर’.

कुठलंही मॉडेल चिकटवण्याआधी त्याला चार प्रश्न विचारा. इंजिनाला हवा कुठून मिळते? धूर कुठून निघतो? इंधन कुठे भरतात? माणूस कुठून चढतो? चारही उत्तरं मॉडेलवर बोट ठेवून देता आली पाहिजेत.

माप माणसावरून ठरतं. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा चालतो, इथे चालत नाही. 6 फूट उंचीचा माणूस 1/72 प्रमाणात 25 मिलिमीटर भरतो, 1/48 मध्ये 38, 1/35 मध्ये 52 आणि 1/24 मध्ये 76. दोन किटांची प्रमाणं वेगळी असली तरी बिघडत नाही. एक प्रमाण ठरवा आणि माणसाचं माप सांगणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे खुर्ची, शिडी, दार, काच, त्याच प्रमाणात आणा. बाकीची काढून टाका. ह्याचा फायदाही घेता येतो. खऱ्या मस्टँग लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा 11.28 मीटर. त्याच्या 1/48 किटात 1/72 चा वैमानिक आणि त्याच्या मापाची काच बसवली की तेच विमान जवळजवळ 17 मीटर पसाऱ्याचं होतं. एका माणसाच्या बदलानं लढाऊ विमानाचं बॉम्बर झालं.

सांधा आतून मजबूत करा. गोंद न लावता सगळं मास्किंग टेपनं बांधा, दोन दिवस समोर ठेवा, सगळ्या बाजूंनी बघा. पटलं तरच कापा, आणि रेघेच्या किंचित बाहेरून कापा, म्हणजे घासायला माल उरतो. पंखासारखा वजनदार भाग नुसत्या गोंदावर सोडू नका. दोन्ही बाजूंना हातड्रिलनं 1 मिलिमीटरची भोकं पाडा, पितळी तारेचे दोन तुकडे आरपार घाला, मग चिकटवा. एक तार असली तर पंख फिरतो, दोन असल्या की अढळ राहतो.

पातळ सिमेंट हे खरं तर गोंद नव्हे. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. म्हणून फट भरायलाही तेच वापरा: स्प्रूचे, म्हणजे किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचे, बारीक तुकडे सिमेंटच्या बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर भिजवले की त्याच प्लॅस्टिकची लांबी तयार होते. ती फटीत भरा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका, वाळताना ती बसते. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी 400 नंबरचा, नंतर 600, शेवटी 1000. पेनची रिफिल, बाटलीची झाकणं अशा वेगळ्या प्लॅस्टिकवर हे सिमेंट चालत नाही, तिथे तार आणि इपॉक्सी. खिडकी उघडी ठेवा आणि रेझिन घासताना मास्क लावा, ही सक्तीच समजा.

रेघ सांध्यावरून पुढे न्या. जोडकाम लपतं की उघडं पडतं ते इथे ठरतं. खऱ्या यंत्राच्या पत्र्यांच्या कडा किटवर रेघांनी दाखवलेल्या असतात. एका किटच्या रेघा खोल, दुसऱ्याच्या उथळ, तिसऱ्या जुन्या किटच्या उठावदार. उठावदार असतील त्या घासून सपाट करा आणि सगळीकडे एकाच सुईनं, एकाच खोलीच्या रेघा कोरा. निदान दोन रेघा पंखावरून निघून सांधा ओलांडून धडावर गेल्या पाहिजेत. मग सगळ्यावर एकच राखाडी प्रायमर. ह्या थराखाली रंगीबेरंगी प्लॅस्टिक एक होतं आणि राहिलेली फट लगेच दिसते. भर पावसाळ्यात लॅकरचा फवारा मारू नका, दमट हवेत रंगावर पांढरट साय धरते.

सुट्या भागांचा डबा आकारानं लावा. नळ्या एकीकडे, गोल एकीकडे, जाळ्या आणि चाकं एकीकडे. कोणत्या किटमधलं आहे हे विसरलात तर उत्तम, मग तो भाग नव्या कामाला मोकळा होतो. 1977च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या अंतराळयानांच्या अंगावर रणगाडे, जहाजं आणि शर्यतीच्या मोटारींच्या किटांचे तुकडे बसवलेले आहेत. जपानच्या को योकोयामा ह्यांनी 1982 पासून ‘हॉबी जपान’ मासिकात अशाच जोडकामातून एक अख्खं काल्पनिक युद्ध उभं केलं. पुढे त्याच यंत्रांची किटं बाजारात आली. औषधाच्या स्ट्रिपचा पारदर्शक बुडबुडा उत्तम काच होतो, तोही डब्यात ठेवा.

आपल्याकडे चांगली किटं परदेशातून येतात आणि महाग पडतात. म्हणून दुर्मीळ किट कापू नका. स्वस्त, अर्धवट राहिलेली, भाग हरवलेली किटं मित्रांकडून मागून घ्या. आणि आज रात्री कटर हातात घेण्याआधी एक वाक्य लिहा, त्याखाली त्याचे सगळे ‘तर’ लिहा. ती यादी पुरी झाली की मगच कापायला बसा.