योनीतील राखणदार जिवाणू

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेली पाहणी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आणि जेमतेम ८ टक्के जणींची पूर्वी कधी तशी तपासणी झाल्याचे दिसून आले. याच जिल्ह्यातील आरमोरीच्या पंचक्रोशीतही ‘पांढरे जाणे’ लाजेपोटी अंगावर काढले जाते, आणि या मौनाची किंमत मोठी आहे.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे आम्लतेचे माप असलेला सामू साधारण ४.५ च्या खाली राहतो आणि एचआयव्हीसारख्या विषाणूला तेथे तग धरणे कठीण जाते. हे राखणदार घटून इतर जिवाणू माजले, की स्राव पातळ व करडसर होतो, त्याला माशांसारखा वास येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराच्या पेशींच्या कडा जिवाणूंनी माखलेल्या दिसतात. या विकाराला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात आणि त्यात एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता वाढते.

याच राखणदारांना आणखी एक हत्यार देण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला आहे. सायनोव्हिरिन हे नीलहरित जिवाणूत सापडलेले प्रथिन एचआयव्हीच्या आवरणावरील शर्करेला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाही. त्याचे जनुक लॅक्टोबॅसिलस जेन्सेनाय या जिवाणूत घालून तो माकडिणींच्या योनीत रुजवला असता संसर्ग ६३ टक्क्यांनी घटला, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांसाठी हे औषध अद्याप उपलब्ध नाही. तूर्त अधिक आशा वाटावी ती जनुकीय बदल न केलेल्या लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसकडून. २०२० च्या चाचणीत प्रतिजैविकानंतर तो दिलेल्या स्त्रियांत १२ आठवड्यांत ३० टक्के जणींना व्हजायनोसिस उलटला, तर इतरांत ४५ टक्के जणींना.

तोवर आहेत ते राखणदार जपावेत. योनीच्या आत साबण, जंतुनाशक वा दही घालू नये. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे असतात आणि बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. एचआयव्हीपासून बचावासाठी निरोध भरवशाचा. स्रावाचा रंग वा वास बदलल्यास सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. तेथे या तक्रारीसाठी औषधांचे हिरव्या रंगाचे किट क्रमांक २ मोफत मिळते आणि एचआयव्हीची चाचणीही मोफत होते. दिवस गेले असल्यास गोळ्या घेण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे, कारण गर्भवतीसाठी औषधे वेगळी निवडावी लागतात.