मुक्या फळीचे गाणे

इंदापूर तालुक्यातील आमच्या कळस गावी गोंधळ असला, म्हणजे संबळाच्या जोडीला तुणतुणे हे असावयाचेच. एक पोकळ नळकांडे, त्याच्या तळाशी ताणून बसविलेले कातडे, बाजूला एक काठी व एक तार, एवढाच त्याचा संसार! तरी त्याचा स्वर मंडपाबाहेर ऐकू येतो. आता तशीच तार एका जाड फळीवर दोन खिळ्यांच्या आधाराने ताणा व छेडून पाहा. शेजारी बसलेल्या मित्रालाही ती नीट ऐकू येणार नाही. तार तशीच, बोट तेच. मग हा भेद कशामुळे पडला?

तार बारीक असते. ती कितीही थरथरली, तरी तिच्याने फारशी हवा हलत नाही. तुणतुण्यात तिचा कंप कातड्याला व आतील हवेला मिळतो आणि आवाज मोठा होतो. मिरजेचे कारागीर सतारीला व तंबोऱ्याला भोपळा बसवितात, तो याच कारणासाठी. आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा पुढे पंढरपुराला जाते. त्या पंढरपूर-मंगळवेढे भागात हे भोपळे पिकतात. एकोणिसाव्या शतकात मिरजेत या व्यवसायाचा पाया घालणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. शस्त्रांचे काम कमी झाले, तेव्हा त्याच हातांनी त्यांनी वाद्ये घडविली.

विजेवर चालणारी गिटार मात्र याहून निराळी. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. म्हणून ती नुसती छेडली, तर आपल्या फळीसारखीच जवळजवळ मुकी! पण तिच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात व त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली, की वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढले. तो प्रवाह यंत्राने वाढविला, म्हणजे ध्वनिवर्धकातून स्वर उमटतो. कानाला हेडफोन लावला, तर घरातील कोणाचीही झोप न मोडता मध्यरात्रीसुद्धा ही गिटार वाजविता येते.

इंग्लंडमधील ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाला अशी गिटार हवी होती. परंतु ती विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. तेव्हा १९६३ साली त्याने व त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी ती घरीच करावयास घेतली. एका जुन्या शेकोटीभोवतीची टाकाऊ लाकडी चौकट तासून त्यांनी गिटारीची मान केली. लाकडात किडीने पाडलेली भोके आगपेटीच्या काड्यांनी बुजविली. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा, आईच्या विणकामाच्या सुईचे टोक, तिच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याच्या गुंड्या, असे सारे कामी आले. तारेची वेटोळीही ब्रायनने प्रथम स्वतःच गुंडाळली. पण तार बाजूस ओढताच त्यांतून नको तो आवाज येई, म्हणून पुढे विकतची बसविली. आपल्या कामातील उणीव ओळखणे, हाही कारागिरीचाच भाग होय.

या कामाला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात ब्रायनने हीच गिटार वाजविली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बलसारा, हा लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. २००२ साली ब्रिटनच्या राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली, त्या उत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून याच गिटारीचे सूर निनादले.

मुलांनो, अडगळ कोणाच्या घरात नसते? परंतु नुसत्या अडगळीची गिटार होत नाही. तार का बोलते, हे समजून घेण्याची जिज्ञासा आणि दोन वर्षे एकाच कामावर बसण्याचा धीर, ही खरी सामग्री होय. मिरजेच्या शिकलगारांपाशी ती होती, ब्रायनपाशी होती. आणि ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

स्वाध्याय

१. सतारीला भोपळा का लागतो आणि विजेच्या गिटारीला का लागत नाही?
२. गिटारीला पोलादाऐवजी सुताची तार लावली, तर काय होईल? कारण सांगा.
३. फळीवर तार ताणून फळीला कान लावा. नंतर फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर ठेवा. दोन्ही वेळा काय ऐकू आले, ते पाच ओळींत लिहा.